पानावर आडवा हात: श्रद्धा सांगायची कशी आणि थांबायचं कुठे?

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका सकाळचा पेपर जिन्यातच उभ्याने वाचतात. परवा मी दूध घेऊन वर जाताना त्यांनी मला थांबवलं आणि आतल्या पानावरची एक बातमी दाखवली. कुठल्याशा गावी एका घरात ख्रिस्ती प्रार्थना चालू होती, बाहेर माणसं जमली, पोलीस आले, दोन्हीकडून तक्रारी झाल्या. अशा बातम्या हल्ली अधूनमधून येतातच. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, राग मानू नका, पण तुमच्यात हे दुसऱ्याला सांगायलाच लागतं का हो? आम्ही कधी कुणाच्या दारात जाऊन म्हणतो का, आमचा गणपती घ्या म्हणून?"

मी म्हटलं, "काका, संध्याकाळी चहाला या. हे जिन्यात उरकणारं नाही."

काका भजनी मंडळात पखवाज वाजवतात, वाद घालायला त्यांना आवडतं, आणि ऐकूनही घेतात. दोन तास बसले. त्या गप्पांत निघालेलं आणि नंतर मला सुचलेलं असं इथे लिहिते आहे. मी जन्माने ख्रिस्ती, माहेर नगरचं (आता अहिल्यानगर म्हणायचं). म्हणजे मी एका बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

## सांगायलाच लागतं का?

हो, लागतं. येशूच्या शिकवणीला मराठीत 'सुवार्ता' किंवा 'शुभवर्तमान' म्हणतात, म्हणजे चांगली बातमी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सांगतो की सगळ्या राष्ट्रांत जा आणि शिष्य करा. उन्हाळ्यात वस्तीवर टँकर आला आणि ज्याला तो आधी दिसला त्याने गुपचूप आपली घागर भरून घेतली, तर वस्ती त्याला काय म्हणेल? ख्रिस्ती माणसाला आतून तसं वाटतं. तुम्हाला ते पाणी वाटेल, न वाटेल, तो भाग वेगळा. पण त्याची धडपड समजून घ्यायची तर ही घागर लक्षात ठेवावी लागते.

काकांचं दुसरं म्हणणं मात्र मला अर्धंच पटलं. आपल्याकडे सांगत नाहीत असं कुठे आहे? सप्ताह बसतो, कर्णे लागतात, कीर्तनकार भर मंडपात दारू सोड म्हणतो, माळ घाल म्हणतो. ऐकणारा माळ घालतो, मटण सोडतो, घरचं वळणच बदलतं. फरक पडतो तो त्याच्या पुढे. माळ घातलेला माणूस त्याच घरात, त्याच भावकीत राहतो. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, घेतलेल्याचं तसं होईलच असं नाही. लग्न कुठे जमवायचं, आईच्या श्राद्धाला बसायचं का, मेल्यावर पुरायचं की जाळायचं, सगळेच प्रश्न उभे राहतात. शेजाऱ्याच्या पोटातली भीती बहुतेक वेळा देवाबद्दलची नसतेच. पोरगा हातचा जाईल, ही ती भीती असते. ज्या ख्रिस्ती माणसाला हे कळत नाही त्याने तोंड उघडूच नये, असं माझं मत आहे.

## आग्रह आणि जबरदस्ती यांच्यातली वीतभर जागा

पंगतीत बसलेल्याला ही जागा बरोबर माहीत असते. वाढपी जिलबीचं ताट घेऊन येतो, "अहो, एक तरी" म्हणतो. आग्रह न करणारा यजमान चिक्कू ठरतो. मग जेवणारा पानावर हात आडवा धरतो. पहिल्या वेळी थोडी थट्टा चालते. दुसऱ्यांदा हात धरल्यावरही जो बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो, तो पाहुणचार करत नसतो, स्वतःची हौस भागवत असतो.

आदराने श्रद्धा सांगणं म्हणजे काय, याची मला सापडलेली सगळ्यात सोपी कसोटी हीच. समोरच्याला हात आडवा धरता येतो का? आणि धरला तर त्याचं काही बिघडतं का?

ही कसोटी मी पदरची लावत नाही, बायबलातच ती आहे. एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो आणि काय करू म्हणून विचारतो. येशू म्हणतो, असेल ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. त्याचा चेहरा पडतो, तो निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही, अट सैल करत नाही, भीतीही घालत नाही. शिष्यांना गावोगाव पाठवताना तो सांगतो की जिथे तुमचं स्वागत होणार नाही तिथून पायाची धूळ झटकून निघा. निघा म्हणजे निघा. जाता जाता खिडकीतून पत्रक टाका, असं तो म्हणालेला नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्रातलं सांगणं तर आणखी नेमकं आहे. तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यपणे आणि मान राखून. यातला क्रम पाहा, आधी कुणीतरी विचारतं. विचारावंसं वाटेल असं जगणं हे पहिलं काम, उत्तर हे दुसरं. आमच्यातल्या बऱ्याच उत्साही मंडळींनी दुसरं काम आधी हाती घेतलं आहे.

याला ख्रिस्ती बोलीत 'साक्ष देणं' म्हणतात. साक्षीदाराने आपण पाहिलं तेवढं सांगायचं आणि पिंजऱ्यातून उतरायचं. त्यानेच काळा कोट चढवला की तमाशा ठरलेला.

## सारण आणि पारी

आता संस्कृतीचं काय? नाताळला आमच्याकडे करंज्या होतात, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू. कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ असाच असतो, तरी दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "अगं, तुमच्यातही करंजी?" मी म्हणते, श्रद्धा हे सारण. भाषा, लुगडं, गाणं, जेवणखाण ही पारी. पारी ज्या त्या गावच्या पिठाची होणार.

हा वाद पहिल्या शतकातच होऊन गेलाय. येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. पुढे इतर समाजांतली माणसं येशूला मानू लागली तेव्हा प्रश्न आला की त्यांनी सुंता करून आधी यहुदी व्हायचं का? यरुशलेमला पुढारी मंडळींची बैठक बसली आणि ठरलं की नको. त्याच हिशेबाने, ख्रिस्ती व्हायला साहेब व्हावं लागत नाही, हे भारतात आलेल्या मिशनऱ्यांना आपसूक कळायला हवं होतं. अनेकांना कळलं नाही. गांधीजींनी आत्मकथेत राजकोटची आठवण लिहिली आहे. शाळेजवळच्या कोपऱ्यावर मिशनरी उभे राहून हिंदू देवदेवतांची निंदा करायचे. गावातल्या एका गृहस्थाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याला गोमांस खावं लागलं, दारू प्यावी लागली, तो कोट-हॅट घालून फिरू लागला, अशी गावात बोलवा होती. शाळकरी मोहनदासच्या मनात या धर्माबद्दल अढी बसली ती यामुळे. त्याच्या कानावर आलेल्या या सगळ्यात येशूचं म्हणणं काय, ते कुठेच नव्हतं. नुसती पारी, तीही परक्या पिठाची.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट (कॅथलिक चर्चमधल्या एका संघाचा) पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, तिथल्या साष्टी भागात राहिला, मराठी शिकला. १६१६ मध्ये त्याने 'ख्रिस्तपुराण' छापलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, छपाई रोमन लिपीत, आणि आत अस्सल पुराणाच्या थाटाची मराठी. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. मराठी भाषेचं कौतुक करताना फुलांतली मोगरी, सुगंधांतली कस्तुरी अशा उपमा देतो. परक्याने आपल्या भाषेवर इतकं प्रेम केलेलं वाचून कुणालाही भरून येईल.

पण इथेच माझी कसोटी लावून पाहा. स्टीफन्सच्या मागे पोर्तुगीज सत्ता उभी होती. साष्टीतली देवळं पाडली गेली होती. गोव्यात १५६० पासून धर्मचौकशीचं न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसलं होतं, ते पुरतं उठायला १८१२ साल उजाडलं. १६८४ मध्ये त्याच सत्तेने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. ओवी कितीही गोड असो, ऐकणाऱ्याला हात आडवा धरायची सोय कुठे होती? म्हणून 'ख्रिस्तपुराण' मी मराठीचं लेणं मानते, आदराने श्रद्धा सांगण्याचा नमुना मानत नाही.

नमुना हवा तर तो आमच्या नगरात आहे. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्याही आधी नगरमध्ये कृष्णा रत्नाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचं म्हणणं प्रसिद्धच आहे. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण टिळकांची डझनभर पदं तोंडपाठ होती, आणि ती म्हणताना तिचा आवाज जात्यावर बसल्यासारखा लागायचा. १९१७ मध्ये टिळकांनी मिशन सोडलं आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही.

मला मात्र टिळकांची घरातली गोष्ट अभंगांइतकीच मोठी वाटते. ते ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. घर फुटलं, दोघं काही वर्षं वेगळी राहिली. पुढे एकत्र आल्यावरही सुरुवातीला लक्ष्मीबाईंचं सोवळं वेगळंच होतं. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. ही सगळी हकिगत त्यांनी 'स्मृतिचित्रे'त इतक्या खट्याळपणे लिहिली आहे की वाचताना हसावं की डोळे पुसावे कळत नाही. त्या काळात नवऱ्याच्या हातात केवढी सत्ता होती, आठवून पाहा. नवऱ्याने नुसतं "चल" म्हटलं असतं तर किती बायकांना नाही म्हणता आलं असतं? गावभर कीर्तन करणारा हा माणूस स्वतःच्या घरात पाच वर्षं थांबला. निर्णय सांगताना त्यांनी लक्ष्मीबाईंना जो धक्का दिला त्याची भरपाई यातून होत नाही, पण थांबणंही खोटं ठरत नाही.

## "मग हे वेषांतरच झालं ना?"

काकांनी इथे बरोबर बोट ठेवलं. "आरती करायची, भगवं घालायचं, आश्रम म्हणायचं. हे भोळ्या माणसाला गाठायचं सोंग नाही कशावरून?"

शंका रास्त आहे आणि जुनीही आहे. रॉबर्ट द नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ मध्ये मदुराईला गेला, संन्याशासारखा राहू लागला, मांस सोडलं, तमिळ आणि संस्कृत शिकला. त्याच्याविरुद्ध सगळ्यात मोठी ओरड चर्चच्या आतूनच झाली. शेवटी १६२३ मध्ये पोपने त्याच्या बाजूने कौल दिला. अलीकडे, १९६९ मध्ये, कॅथलिक चर्चने भारतासाठी उपासनेतल्या बारा बदलांना मान्यता दिली. जमिनीवर बसणं, आरती, पंचांग प्रणाम वगैरे. तेव्हाही अनेक कॅथलिकच चिडले होते. याला चर्चच्या लिखाणात 'सांस्कृतिकीकरण' असा घसा कोरडा करणारा शब्द आहे. तो एकदा सांगितला, आता पुन्हा वापरत नाही.

सोंग की खरं, हे ओळखायचं कसं? मी दारावरची पाटी बघते. आत काय आहे ते पाटीवर स्पष्ट लिहिलंय का? टिळकांच्या कीर्तनाला बसलेल्याला पहिल्या पाच मिनिटांत कळायचं की ही येशूची कथा आहे. पाटी स्पष्ट असेल तर आतली समई हे सोंग नाही. पाटी झाकून समई लावली असेल तर ती फसवणूक आहे, मग हेतू कितीही पवित्र असो. दुसरं असं की सोंग परक्याला घ्यावं लागतं. मी करंजी केली तर ती माझ्या आजीच्या हातची आहे, कुणाला गळाला लावायला मी ती शिकले नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. तिथल्या जोगिणींनी (नन्सनी) त्यांना लॅटिन अक्षरांचा क्रूस देऊ केला तेव्हा त्यांनी विचारलं की लॅटिन कशाला, संस्कृत का नको? त्यांचा शाकाहारही कायम राहिला. कुणाला भुलवायला नव्हे, त्या होत्याच तशा.

आता एक अडचण, जी काकांना सुचली नाही पण माझ्या वडिलांना नक्की सुचली असती. 'आपली संस्कृती' म्हणजे नेमकी कुणाची? टिळक ब्राह्मण, रमाबाई ब्राह्मण, नोबिलीने शोधला तोही ब्राह्मणांकडे जाणारा रस्ता. पण नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार-मांग वस्त्यांतून आलेले. आमच्या आजोबांच्या कानाला सवय होती ती हलगीची, भारुडाची, पोवाड्याची. संस्कृत श्लोकांची 'भारतीय' उपासना त्यांना ज्या वाड्याच्या ओट्यावर कधी चढू दिलं नाही त्या वाड्याची आठवण करून द्यायची. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांच्यासारख्या अभ्यासकांनी दलित ईश्वरविज्ञान, म्हणजे दलितांच्या अनुभवातून केलेला ख्रिस्ती श्रद्धेचा विचार, मांडलं ते याच जखमेतून. त्यामुळे संस्कृतीचा आदर म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीला नमस्कार, असा अर्थ मी काढत नाही. ओवीचा आदर करावा. पाणवठ्यावरच्या विटाळाचा कशासाठी करायचा?

## केळ्यांखालचं पत्रक

सगळ्यात मोठा आक्षेप आमिषाचा. धान्य दिलं, औषध दिलं, शाळेत घातलं आणि ख्रिस्ती केलं.

हे कधी घडलंच नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. १८७६ ते ७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनांनी अन्न दिलं, अनाथ पोरं सांभाळली, आणि त्या काळात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या वाढली. फक्त पोटासाठी? ज्या शाळेत महाराच्या पोराला बाकावर बसवत होते ती शाळा, आणि ज्या प्रार्थनेत त्याच्या शेजारी कुणी अंग चोरून बसत नव्हतं ती प्रार्थना, यांचं वजन कोणत्या तराजूत करायचं? पोट आणि मान यांची सरमिसळ होती. आज तर उलट हिशेब आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. ज्याला फायद्यासाठीच धर्म बदलायचा आहे त्याच्यासाठी हा फार तोट्याचा सौदा.

तरीही आक्षेप संपत नाही, कारण गोष्ट फक्त पैशांची नसते, अवलंबून असण्याची असते. शारदा सदनाचं प्रकरण त्यासाठी समजून घ्यावं. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत ते काढलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. तिथे बालविधवा शिकत. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठलं. रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावलं नाही आणि येणाऱ्याला अडवणारही नाही. विरोधकांना वाटत होतं की जिच्या डोक्यावर याच बाईने छप्पर धरलंय ती मुलगी 'आपण होऊन' येते, या शब्दांना अर्थ किती? मी रमाबाईंच्या बाजूची आहे. त्या मुलींना त्यांच्या घरांनी तरी कुठे निवडीचा हक्क दिला होता? पण विरोधकांचा प्रश्न खोटा नव्हता, आणि आजच्या प्रत्येक वसतिगृहाने, दवाखान्याने तो स्वतःला विचारायला हवा.

मला तो उशिरा कळला. कॉलेजात असताना आमचा तरुण संघ नाताळात एका सरकारी इस्पितळात फळं वाटायला गेला होता. दोन केळी, एक सफरचंद, आणि केळ्यांखाली घडी केलेलं पत्रक. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती, एका हाताला सलाइन. मी पिशवी पुढे केली, पत्रकाबद्दल दोन वाक्यं बोलले. ती म्हणाली, "ठेव बाय उशाशी, मला काय उठता येतंय?" मला तेव्हा वाटलं, किती प्रेमाने स्वीकारलं! तिच्या एका हाताला सुई होती. दुसऱ्या हातात मी केळी दिली होती. आडवा धरायला तिच्याकडे हातच उरला नव्हता.

२०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि इव्हँजेलिकल चर्चांची जागतिक संघटना अशा तिघांनी मिळून बहुधर्मी जगात ख्रिस्ती साक्ष कशी द्यावी याची आचारसंहिता काढली. एरवी हे तिघं एका टेबलाला क्वचितच बसतात. त्यात स्पष्ट म्हटलंय की सेवेचा वापर आमिषासारखा करायचा नाही, आजारी माणसाच्या हतबलतेचा फायदा घ्यायचा नाही, आणि धर्म बदलू पाहणाऱ्याला विचाराला पुरेसा वेळ द्यायचा. आमच्या तरुण संघाला हे कुणी वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. अर्थात तेव्हा ते लिहिलंच गेलं नव्हतं.

## कायदा कुठे उभा आहे?

थोडक्यात सांगते. घटनेचं कलम २५ प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. 'प्रसार' हा शब्द ठेवावा का, यावर ६ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत चांगलीच जुंपली होती. कन्हैयालाल मुन्शींनी तो ठेवण्याची बाजू घेतली. टी. टी. कृष्णमाचारींनी सांगितलं की आपण चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो, आपल्याला कुणी बाटवायला आलं नाही. शब्द राहिला. पुढे १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगता येतील, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क कुणाला नाही.

ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये जबरदस्ती आणि आमिषाविरुद्ध कायदे केले, नंतर इतर अनेक राज्यांनीही केले. महाराष्ट्रात २०२५ मध्ये अशा कायद्याचा विचार करायला सरकारने समिती नेमली. ओडिशाच्या कायद्यात देवाच्या कोपाची भीती घालणं हीसुद्धा जबरदस्ती धरली आहे. मला स्वतःला ते पटतं. तापाने फणफणलेल्या माणसाला नरकाची वर्णनं ऐकवणाऱ्याला मी साक्षीदार म्हणणार नाही. काही राज्यांत मात्र धर्म बदलण्याआधी सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, तिथे मला खटकतं. जेवणाऱ्याला हात आडवा धरायचा हक्क हवा, तसा "वाढा" म्हणायचाही हवा. सज्ञान माणसाने "वाढा" म्हणायला कलेक्टर कचेरीत का जावं?

## दुसऱ्याच्या देवाबद्दल काय बोलायचं?

काही नाही. किंवा जे चांगलं दिसलं ते.

एकोणिसाव्या शतकात वेगळी रीत होती. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद रंगले. ऐकायला गर्दी लोटायची, जणू कुस्तीचा फड. ते भांडण निदान बरोबरीचं होतं, दोन्हीकडचे गडी तयारीचे. आज व्हॉट्सअॅपवर एकमेकांच्या देवांची जी चेष्टा चालते तिच्यात ती बरोबरीही नाही. पण वादात हरलेला माणूस घरी जाऊन श्रद्धा बदलतो, असं मी अजून पाहिलेलं नाही. तो पुढच्या वेळी जास्त तयारीने येतो, एवढंच.

स्टॅन्ली जोन्स या अमेरिकी मिशनऱ्याने १९२० च्या दशकात भारतात दुसरी रीत धरली. वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना गोल बसवायचं आणि एकच विचारायचं: तुमच्या श्रद्धेने तुमच्या रोजच्या जगण्यात काय फरक पडला? तत्त्वज्ञान नको, ग्रंथ नको. ख्रिस्ती माणसालाही तोच प्रश्न. मला वाटतं की पुष्कळ प्रचारकांना हा प्रश्न झेपणार नाही, कारण पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही.

हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, यात्रेला सप्टेंबरात एकदा जाऊन पाहा. श्रीरामपूरच्या बाजूला सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात, मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात, भेळ खातात. तुझा धर्म कोणता, हे कुणी कुणाला विचारत नाही. धर्मपंडितांना यात शंभर खोड्या दिसतील. मला तिथे बरं वाटतं.

काका उठता उठता म्हणाले, "हे सगळं ठीक आहे ताई. पण बारा वर्षं आपण एका जिन्यात राहतो. तुम्ही मला कधी काहीच सांगितलं नाहीत."

मला चटकन उत्तर सुचलं नाही. तुम्ही आजच विचारलंत, असं म्हणता आलं असतं, पण ते पूर्ण खरं नव्हतं. नाताळला ताट पाठवायचं, संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन परत यायचं, आणि मधल्या सगळ्या विषयांवर रुमाल टाकून ठेवायचा, हे मलाही सोयीचं होतं. त्याला मी आदर म्हणत होते. त्यात अर्धी भीतीच होती.

"रात्री तुमच्याकडे पेटी वाजते," काका म्हणाले, "ते काय असतं?"

मी कपाटातून 'उपासना संगीत' हे आमच्या गाण्यांचं पुस्तक काढलं आणि टिळकांचं एक पद म्हणून दाखवलं. दुसऱ्या कडव्याला काकांनी टेबलावर ठेका धरला. संपल्यावर थोडा वेळ बोटं तशीच टेबलावर होती. मग म्हणाले, "चाल छान आहे. पण तुम्ही समेवर यायला फार घाई करता. पुन्हा म्हणा बघू." तेवढ्यात काकूंचा फोन आला.